श्याम बेनेगल यांचे तेलंगण
(नभोवाणीवरील भाषण)

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर बेला, जैनथ, तामसी या बाजूच्या खेड्यांतून आजही मराठी बोलली जाते. बाजारात तेलुगू, कचेरीत एके काळी उर्दू, रानातल्या गुड्यांतून गोंडी आणि घरात मराठी, असा आदिलाबाद जिल्ह्याचा जुना संसार आहे. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हा किनवट आणि राजुरा हे याच जिल्ह्याचे भाग मुंबई राज्यात गेले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तो तेलंगण राज्यात आला आणि २०१६ साली त्या एका जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. नकाशे असे बदलत गेले. परंतु निजामी अमलाने माणसांच्या पाठीवर आणि त्याहून अधिक त्यांच्या मनावर जे वळ उठविले होते, ते नकाशाबरोबर पुसले गेले नाहीत. त्या वळांचा चित्रपटाच्या द्वारे मोठ्या धीराने शोध घेणारा दिग्दर्शक म्हणून श्याम बेनेगल यांचे नाव घ्यावे लागते. २३ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची नव्वद वर्षे पूर्ण झाल्यावर अवघ्या काही दिवसांनी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे राहिलेल्या चित्रसंभारात मनोरंजन किती आणि विचार किती, याचा हिशेब मराठी प्रेक्षकाने मांडण्यास हरकत नाही. कारण त्या विचाराला लागलेले बरेचसे भांडवल मराठी आहे, आणि तो ज्या भूमीत रुजला ती भूमी आपल्या शेजारची, किंबहुना आपलीच आहे.

बेनेगल यांचा जन्म १४ डिसेंबर १९३४ रोजी सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरी येथे झाला. घराणे कोंकणी बोलणारे सारस्वत, वडील श्रीधर बेनेगल हे व्यवसायाने छायाचित्रकार. वडिलांच्याच कॅमेऱ्याने या मुलाने बाराव्या वर्षी आपले पहिले चित्र काढले. गुरुदत्त हे त्यांचे नात्याने भाऊ लागत. पण घरातल्या या ओढीपेक्षाही हैदराबाद शहरात घडलेले शिक्षण अधिक परिणामकारक ठरले असावे. उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्राची एम. ए. पदवी घेतली. विद्यार्थिदशेत पोहण्याच्या स्पर्धेसाठी ते कलकत्त्यास गेले असता सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' त्यांच्या पाहण्यात आला आणि चित्रपट या वस्तूविषयीची त्यांची कल्पनाच पालटली. हैदराबादेत फिल्म सोसायटी स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे मुंबईस जाऊन जाहिरातीच्या धंद्यात त्यांनी पुष्कळ वर्षे काढली. नऊशेंहून अधिक जाहिरातपट आणि माहितीपट त्यांनी केले असे सांगतात. साबण आणि भुकटी विकणाऱ्या चित्रांवर हात बसविलेल्या माणसाने पहिले कथाचित्र काढावयाचे ठरविले, तेव्हा तो गेला तो मात्र तेलंगणातल्या एका खेड्यात.

ते चित्र म्हणजे १९७४ सालचा 'अंकुर'. त्याचे बीज बेनेगलांच्या मनात महाविद्यालयीन दिवसांपासून होते. पैसा लावणारा मिळेना म्हणून ते बरीच वर्षे तसेच पडून राहिले होते. शेवटी जाहिरातपटांचे वितरण करणाऱ्या ब्लेझ या संस्थेने भांडवल पुरविले. कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. सूर्या हा जमीनदाराचा शहरात शिकलेला मुलगा. त्याला पुढे शिकावयाचे असते, पण बाप त्याला शेतीवर पाठवितो. त्या घरात लक्ष्मी नावाची कुंभारीण कामाला असते. तिचा नवरा किष्टय्या मुका आणि बहिरा आहे, दारूच्या आहारी गेलेला आहे. बाजारात अॅल्युमिनियमची भांडी आल्यापासून त्याच्या मडक्यांना गिऱ्हाईक उरलेले नाही. सूर्या हा तसा सुधारकी वृत्तीचा तरुण. तो खालच्या जातीच्या लक्ष्मीच्या हातचा चहा घेतो, तिच्याकडून स्वयंपाक करवून घेतो, गावाच्या कुजबुजीला भीक घालीत नाही. प्रेक्षकाला वाटते, चला, नवी पिढी आली. आणि इथेच हा दिग्दर्शक प्रेक्षकाला गाठतो. ताडी चोरली म्हणून किष्टय्याचे मुंडण करून गाढवावरून त्याची धिंड काढली जाते, तो लाजेने परागंदा होतो, आणि सूर्याच्या सुधारकीचा शेवट लक्ष्मीच्या अंथरुणापर्यंत येऊन थांबतो. पुढे त्याची बायको नांदावयास येते, लक्ष्मीला दिवस गेलेले असतात. तेव्हा हाच तरुण तिला मूल पाडावयास सांगतो, आणि ती ऐकत नाही म्हणून घराबाहेर काढतो.

या कथेतला सूक्ष्म भाग असा की, सूर्या आपल्या बापाचा तिरस्कार करतो. बापाने एक बाई ठेवली आहे, तिला मुलगा आहे, आणि उत्तम जमीन तिच्या नावे केलेली आहे. सूर्याच्या मनात हा सल आहे, आणि अधिकार हाती येताच तो त्या बाईच्या शेताचे पाणी तोडतो. परंतु बाप निदान ठेवलेल्या बाईला जमीन तरी देतो. शिकलेला मुलगा तेवढेही देत नाही. जुन्या सरंजामी वृत्तीत जो एक ओबडधोबड व्यवहार होता तोही नव्या माणसाने गमावला, आणि नवी नीती मात्र त्याने अंगी आणली नाही, असे हे कठोर निदान आहे. शिक्षणाने माणूस आपोआप सुधारतो या शाळाशाळांतून शिकविल्या जाणाऱ्या श्रद्धेला दिलेला इतका शांत धक्का भारतीय चित्रपटात क्वचितच आढळेल.

चित्राचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. किष्टय्या चार पैसे मिळवून परत येतो. बायकोला दिवस गेलेले पाहून तो रागावत नाही, आनंदतो. आणि काम मागण्यासाठी हातात काठी घेऊन जमीनदाराच्या घराकडे निघतो. त्याला येताना पाहून सूर्याला वाटते की हा सूड घ्यावयास आला. भीतीने तो त्या मुक्या माणसाला चाबकाने फोडून काढतो. लक्ष्मी येऊन नवऱ्याला आडवी होते, शिव्याशाप देते. सारे निघून गेल्यावर एक लहान पोर त्या घराच्या खिडकीवर दगड भिरकावते आणि पडदा लाल होतो. या दगडाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या दगडाहूनही किष्टय्याच्या हातातली काठी अधिक विचार करावयास लावते. जो मारावयास आलेलाच नव्हता त्याला मार बसला, कारण मारणाऱ्याला आपला अपराध ठाऊक होता. जुलमाच्या मुळाशी जुलमी माणसाचे भय असते, हा विचार कोणत्याही संवादाशिवाय, एका काठीने सांगितलेला आहे. शबाना आझमी यांचे हे पडद्यावर आलेले पहिले चित्र. त्यांना आणि किष्टय्या साकारणारे साधू मेहेर यांना, दोघांनाही या कामाबद्दल राष्ट्रीय पारितोषिके मिळाली.

'अंकुर'मधली पात्रे जी हिंदी बोलतात ती मुंबईच्या चित्रपटांची हिंदी नव्हे, ती हैदराबादेची दखनी होय. सत्यदेव दुबे यांनी ते संवाद लिहिले. आदिलाबादच्या मराठी माणसाला ही बोली परकी वाटण्याचे कारण नाही. तिच्यातला 'नक्को' हा आपलाच 'नको' आहे, आणि 'मैंच', 'वहींच' यांतला शेवटचा 'च' हा तर मराठी व्याकरणाने दखनीला दिलेला आहेर आहे. तोवर पडद्यावरची दखनी म्हणजे बहुधा हसू आणण्यासाठी नोकराच्या तोंडी घातलेली बोली असे. तिच्यातही माणसे रडू शकतात, शाप देऊ शकतात, हे या चित्राने दाखविले.

पुढल्याच वर्षी 'निशांत' आला. त्याची कथा-पटकथा विजय तेंडुलकर यांची. काळ १९४५ चा, स्थळ तेलंगणातले एक गाव. चार जमीनदार भाऊ गावावर सत्ता गाजवितात. देवळातल्या मूर्तीचे दागिने चोरीला जातात. चोर कोण ते पुजाऱ्याला कळते, पण शिक्षा भलत्याच गरिबाला भोगावी लागते. अशा या गावात एक शाळामास्तर आपल्या बायकोला आणि लहान मुलाला घेऊन येतो. थोड्याच दिवसांत रात्रीच्या वेळी त्याच्या बायकोला भर वस्तीतून उचलून वाड्यावर नेले जाते. शेजारी पाहतात आणि दारे लावून घेतात. मास्तर पोलिसाकडे जातो, वकिलाकडे जातो, कलेक्टरकडे जातो. प्रत्येकाजवळ त्याला देण्यासारखे काही ना काही कारण असते, न्याय मात्र कोणाजवळही नसतो.

गिरीश कार्नाड यांनी रंगविलेला हा मास्तर भारतीय चित्रपटातल्या आदर्श गुरुजींच्या रांगेत बसणारा नाही. तो भित्रा नाही, पण शूरही नाही. तो अर्ज करणारा माणूस आहे. कायदा पुस्तकात आहे म्हणजे जगातही असला पाहिजे, अशी त्याची समजूत आहे, आणि ती समजूत तो मुलांनाही शिकवीत असणार. वाड्यात कोंडलेली त्याची बायको सुशीला हळूहळू तिथल्या जीवनाशी जुळवून घेते, घरात आपले स्थान मागू लागते. पुढे देवळात नवऱ्याची गाठ पडते तेव्हा तिच्या बोलण्यात दया नसते. ज्याने आपल्याला पळविले त्याच्यापेक्षा ज्याने आपल्याला सोडविले नाही त्याच्यावर तिचा राग अधिक आहे. हा प्रसंग पाहताना पुष्कळ प्रेक्षक अस्वस्थ झाले, आणि व्हावयासच हवे होते. बळी पडलेली स्त्री शेवटपर्यंत शुद्ध आणि करुण राहावी, ही प्रेक्षकाची सोयीस्कर अपेक्षा तेंडुलकर आणि बेनेगल या दोघांनीही पुरविली नाही.

शेवटी मास्तर आणि पुजारी मिळून गावाला उठवितात, आणि देवळाच्या उत्सवात लोक वाड्यावर चाल करून जातात. पण एकदा उठलेला जमाव मग दोषी आणि निर्दोषी यांत भेद करीत नाही. जमीनदारांबरोबर धाकट्या भावाची निरपराध बायको मारली जाते, आणि जिच्यासाठी हा सारा उठाव झाला ती सुशीलाही त्यातून वाचत नाही. ज्या बंडाची आपण तासदीड तास आतुरतेने वाट पाहिली त्याच्याच तोंडावर दिग्दर्शक आपल्याला उभे करतो आणि विचारतो की, हेच का ते? 'निशांत' म्हणजे रात्रीचा शेवट. पहाट झाली असे काही चित्रात कोठेही म्हटलेले नाही.

१९४५ हे साल निवडण्यातही अर्थ आहे. पुढल्याच वर्षी तेलंगणातल्या शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला आणि तो १९५१ पर्यंत चालला. सप्टेंबर १९४८ मध्ये हिंदी फौजा हैदराबादेत शिरून निजामी राजवट संपली. या लढ्यावर गौतम घोष यांनी पुढे 'मा भूमी' हे तेलुगू चित्र काढले, त्यात तो लढा प्रत्यक्ष दिसतो. बेनेगल मात्र लढा सुरू होण्यापूर्वीच थांबतात. त्यांना वणव्यापेक्षा वाळत चाललेल्या गवताचा अभ्यास करावयाचा होता. त्याबद्दल डाव्या विचाराच्या टीकाकारांनी त्यांना दोष दिला. संघटना, पक्ष, कार्यक्रम यांपैकी काहीच न दाखविता एकट्यादुकट्या माणसाचा संताप दाखविला की तो प्रेक्षकाच्या मनाचा निचरा होऊन संपतो, असा तो आक्षेप. आक्षेप निराधार नाही. पण लढ्याचा इतिहास सांगणारे पुष्कळ असतात. लढा होण्याआधी माणसे इतकी वर्षे गप्प का बसली, हे विचारणारे थोडे.

आणि हा प्रश्न आदिलाबादच्या इतिहासालाही लागू आहे. इथल्या जुलमाची तऱ्हा नलगोंडा-वरंगळच्या देशमुखीहून थोडी निराळी होती. इथे गोंड आणि कोलाम यांची जंगलात वस्ती, आणि जंगलखात्याच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा ज्या जमिनी ते पिढ्यान्‌पिढ्या कसत आले होते तिथून त्यांना उठविण्यात आले. बाहेरून आलेल्या लोकांनी कागद केले. कागद वाचता न येणाऱ्यांच्या हातून जमीन गेली. या बाहेरच्यांत मराठी बोलणारेही होते, हे सांगताना जीभ अडखळली तरी सांगितलेच पाहिजे. कोमरम भीम याने या अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलले आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. त्यानंतर सरकारला जाग आली. महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडलेले ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगण्यात आले. ते मारलवाई या गावी राहिले. गोंड मुलांसाठी गोंडी भाषेतून शाळा निघाल्या, शिक्षक तयार झाले, वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली, आणि गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले. हायमेनडॉर्फ यांचे काम मोठे, यात शंका नाही. परंतु पुढे अनेक वर्षांनी ते परत आले तेव्हा पट्ट्याच्या कित्येक जमिनी पुन्हा परक्या हातांत गेल्याचे त्यांना आढळले, आणि त्यांनी ते लिहूनही ठेविले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला, तो याच जमिनीच्या प्रश्नावरून.

बाहेरचा सज्जन येतो, चांगले काम करतो आणि निघून जातो. मागे काय उरते? बेनेगलांच्या १९७६ सालच्या 'मंथन' या चित्राचा गाभा हाच आहे. ते चित्र गुजरातमधल्या दूध सहकारी चळवळीवर असल्याचे सर्वांना माहीत आहे. पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढले आणि त्या दहा लाखांतून ते तयार झाले, ही हकीकतही पुष्कळदा सांगितली जाते. मग गावोगावचे शेतकरी बैलगाड्या आणि मालमोटारी भरून आपले चित्र पाहावयास आले. परंतु त्या कौतुकात चित्राचा शेवट विसरला जातो. डॉक्टर राव सोसायटी उभी करतो, जातीची आणि सावकारीची कोंडी फोडू पाहतो, आणि त्याची बदली होते. तो निरोप घेऊन जातो. सोसायटी चालवावयाची ती भोला या दलित तरुणाने, ज्याने आरंभी या शहरी पाहुण्यावर यत्किंचितही विश्वास ठेविला नव्हता. उपकार करणाऱ्याने वेळेवर निघून जावे, आणि उपकृताने उपकाराची भाषा सोडून हक्काची भाषा शिकावी, हा या चित्रातला सर्वांत मोलाचा विचार. तो ज्या संस्थेच्या गौरवासाठी चित्र निघाले तिच्याच चित्रात सांगितला गेला, ही गंमत विसरू नये. या पटकथेबद्दल तेंडुलकरांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

तेंडुलकरांखेरीज बेनेगलांवर मराठीचे आणखी दोन मोठे उपकार आहेत. पहिला हंसा वाडकर यांचा. त्यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून १९७७ साली 'भूमिका' निघाला आणि स्मिता पाटील यांच्या रूपाने एक विलक्षण नटी देशापुढे आली. 'भूमिका'तली उषा पुरुषामागून पुरुषाकडे जाते ते चंचलपणाने नव्हे. प्रत्येक दारापाशी तिला वाटते की हे घर असेल, आणि आत गेल्यावर कळते की दार बाहेरून बंद झाले आहे. विनायक काळे या श्रीमंत माणसाच्या वाड्यात तिला सर्व सुख आहे, उंबरा ओलांडण्याची परवानगी तेवढी नाही. अंथरुणाला खिळलेली त्याची पहिली बायको उषेला जे सांगते त्याचे तात्पर्य असे की, अंथरुणे बदलतात, स्वयंपाकघरे बदलतात, पुरुष तोच राहतो. शेवटी उषा एकटी राहणे पत्करते. चित्रपटाने तिला शिक्षाही केली नाही आणि बक्षीसही दिले नाही.

दुसरा उपकार चिं. त्र्यं. खानोलकर यांचा. त्यांच्या 'कोंडुरा' या कादंबरीवर १९७८ साली हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम्' अशी दोन चित्रे बेनेगलांनी एकदमच काढली. खानोलकर १९७६ सालीच निवर्तले होते, त्यांना ती पाहावयास मिळाली नाहीत. कोंकणातली समुद्राकाठची कथा आंध्राच्या भूमीत नेऊन रोविली गेली. परशुराम या घर सोडून निघालेल्या ब्राह्मण तरुणाला कोंडुरा नावाच्या गूढ शक्तीकडून वर मिळतो, एक मुळी मिळते, आणि ब्रह्मचर्याची अट. देवीचा दृष्टांत होतो, गाव त्याला साधू मानू लागते. मग तो दुसऱ्यांच्या पापपुण्याचा निवाडा करू लागतो, आणि त्या निवाड्यात एका निर्दोष स्त्रीचा गर्भ जातो. हे चित्र लोकांनी फारसे पाहिले नाही. ते 'अंकुर'इतके सुघटही नाही. तथापि बेनेगलांच्या विचाराची उंची मोजावयाची तर ती इथे मोजावी. देव आहे की नाही असा बाळबोध प्रश्न ते विचारीत नाहीत. परशुरामाला झालेला साक्षात्कार खोटा, असेही ते म्हणत नाहीत. प्रश्न असा की, खऱ्या साक्षात्कारानंतरसुद्धा माणूस चुकू शकतो काय? श्रद्धा प्रामाणिक असली म्हणजे तिच्या हातून घडलेला घात क्षम्य होतो काय? कोणत्याही धर्माच्या भाविकाने हा प्रश्न एकांतात स्वतःला विचारून पाहावा असा आहे, आणि चित्र संपल्यावर तो सुटत नाही.

हाच धागा १९८५ सालच्या 'त्रिकाल'मध्ये निराळ्या वेषात येतो. हे चित्र गोव्याचे, कॅथलिक जमीनदार घराण्याचे. मारिओ मिरांदा यांच्या लोटली येथील वाड्यात ते चित्रित झाले. काळ १९६१ सालचा, पोर्तुगीज सत्तेचे अखेरचे दिवस. घरातला कर्ता पुरुष एर्नेस्तो मरण पावला आहे, आणि त्याची विधवा दोना मारिया ही गोष्ट मान्य करावयासच तयार नाही. घरात नातीच्या वाङ्निश्चयाची तयारी होती. ती आता सुतकात अडकली आहे. हिंदी चित्रपटांतून ख्रिस्ती माणूस म्हटला की हातात बाटली, तोंडी मोडकी हिंदी, नाहीतर मेणबत्त्यांच्या रांगेत उभा पाद्री, एवढेच दिसावयाचे. 'त्रिकाल'मध्ये प्रथमच ख्रिस्ती घर घरासारखे दिसते: शोकाचे काळे कपडे, पाहुण्यांचे जेवण, मालमत्तेवरून कुजबुज, मुलींच्या लग्नाची चिंता, आणि आता आपण कोणाचे, लिस्बनचे की दिल्लीचे, हा न सुटणारा वाद. अशोक मेहता यांनी कॅमेऱ्यातून मेणबत्तीच्या मंद उजेडात सारे घर असे टिपले आहे की भिंतीवरच्या सावल्याही कुटुंबातल्याच वाटाव्यात.

दोना मारिया आपल्या पतीच्या आत्म्याला बोलावू पाहते. मृतात्म्यांना असे आवाहन करणे ख्रिस्तसभेने निषिद्ध मानले आहे. मृतांसाठी प्रार्थना करावी, मिस्सा करावा. त्यांना बोलावून प्रश्न विचारू नयेत. ही मर्यादा मोडली जाते, आणि येतो तो पती नव्हेच. या घराण्याच्या पूर्वजांनी ज्यांचा घात केला होता ते बंडखोर राणे पुढे येऊन उभे राहतात. माध्यम म्हणून जिला बसविलेले असते ती मिलाग्रेनिया घरातली मोलकरीण आहे, आणि ती मृत यजमानाचीच अनौरस मुलगी आहे. 'अंकुर'मध्ये जे मूल अजून जन्मावयाचे होते ते इथे वाढून, पदर खोचून, त्याच घरात भांडी घासताना दिसते. घराण्याने ज्यांचे नाव वंशावळीत घातले नाही, त्यांच्याच तोंडून घराण्याचा इतिहास बोलतो. पापनिवेदनासाठी गुडघे टेकणारा माणूस आपली वैयक्तिक पापे सांगतो. पणजोबाचे पाप कोणी कोणाजवळ सांगावे, आणि त्याचे प्रायश्चित्त कोणी घ्यावे? दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक बेनेगलांना या चित्राबद्दल मिळाले.

पुढली चित्रे सर्व सारख्या तोलाची नाहीत, आणि त्यांची नुसती यादी वाचण्यात अर्थ नाही. धर्मवीर भारतींच्या कादंबरीवरचा 'सूरज का सातवाँ घोडा' (१९९२) तेवढा वगळता येणार नाही. एकच माणूस तीन स्त्रियांच्या गोष्टी सांगतो, तेच प्रसंग दरवेळी निराळ्या कोनातून दिसतात, आणि शेवटी सांगणाराच किती खरा याविषयी शंका येते. दूरदर्शनसाठी त्यांनी नेहरूंच्या ग्रंथाच्या आधारे 'भारत एक खोज' ही त्रेपन्न भागांची मालिका केली. १९८८ साली ती सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी शाळकरी मुले इतिहास पाहावयास बसू लागली, आणि इतिहासाच्या शिक्षकाला जे वर्षभरात साधत नाही ते कधीकधी तासाभरात साधले. नेताजींवरचे आणि शेख मुजीबांवरचे चित्र मात्र स्मारकासारखे झाले. ज्या माणसाविषयी सरकारचे मत आधीच ठरलेले असते त्याच्याविषयी शंका विचारता येत नाही, आणि शंका हेच या दिग्दर्शकाचे बळ होते.

तेलंगणाकडे ते अधूनमधून परत येत राहिले. 'सुस्मन' (१९८७) हे पोचमपल्लीच्या विणकरांचे चित्र. रामुलू हा कसबी विणकर दुसऱ्यांच्या अंगावर रेशीम घालतो आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नातल्या साडीसाठी मालकाच्या सुतातून चोरून धागा काढतो. कोणत्या कारागिराच्या वाट्याला हे आले नाही? सहकारी संस्थांच्या पैशातून निघाल्यामुळे या चित्राला थोडा प्रचाराचा वास येतो, पण ओम पुरी मागावर बसले की तो वास विसरतो. हातमागाच्या त्या आवाजात कथेपेक्षा अधिक काही सांगितले जाते.

आणि मग २०१० सालचा 'वेल डन अब्बा'. त्याच्या कथेला हैदराबादच्या उर्दू लेखिका जीलानी बानो यांच्या 'नरसय्या की बावडी' या कथेचा आधार आहे. अरमान अली हा मुंबईत मोटार हाकणारा गरीब माणूस सुटी घेऊन तेलंगणातल्या आपल्या खेड्यात येतो. शेतात पाणी नाही. विहिरीसाठी सरकारी योजना आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना पैसे मिळतात. दाखला काढावयाचा, अर्ज करावयाचा, फोटो द्यावयाचे. मंजुरीपासून तो विहीर पूर्ण झाल्याच्या शेऱ्यापर्यंत प्रत्येक टेबलावर थोडेथोडे पैसे झिरपतात, आणि अखेर विहीर कागदावर पूर्ण होते, शेतात मात्र एक कुदळही पडलेली नसते. 'निशांत'मधल्या मास्तरासारखाच हाही अर्ज करणारा माणूस. पण मधल्या पासष्ट वर्षांत निजाम गेला आहे, राज्यघटना आली आहे, आणि अर्ज करणाराही थोडा चलाख झाला आहे. तो दगड उचलीत नाही. तो आपल्या मुलीला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यावर जातो आणि रीतसर फिर्याद नोंदवितो की, माझी विहीर चोरीला गेली. कागदपत्रे सगळी त्याच्याजवळ आहेत. विहीर होती हे सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध होते. मग गावातल्या आणखी लोकांच्या ध्यानात येते की त्यांच्याही विहिरी अशाच चोरीला गेल्या आहेत, आणि ठाण्यासमोर गर्दी जमू लागते.